आमच्या बाजूने फिट

मानसोपचार विभागात काम करणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते आपोआप एप्रनच्या खिशात येऊन पडतात, आणि तेही लेखी! दुसऱ्या विभागाला आमचं मत हवं असलं की एक पिवळा कागद येतो. त्याला सगळे 'रेफरन्स' म्हणतात. वरच्या अर्ध्या भागात त्यांचा प्रश्न, खालच्या अर्ध्या भागात आमचं उत्तर. आम्हाला त्यांचं मत हवं असेल तर तसाच कागद उलट दिशेने धावतो.

परभणीहून बनारसला येऊन मला तीन वर्षं होतील. निघताना आई म्हणाली होती, "एवढ्या लांब जाऊन वेड्यांचंच शिकायचंय का गं?" मी तिला भलंमोठं भाषण दिलं होतं. मन आणि शरीर वेगळं नसतं, सगळे डॉक्टर मिळून उपचार करतील तो दिवस दूर नाही, वगैरे वगैरे. त्या भाषणातलं आता एवढंच आठवतं की आई मधेच उठून कुकर बंद करायला गेली होती.

इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात एक वाक्य शिकले. कुठल्याही पिवळ्या कागदाच्या तळाशी ते असतंच. 'फिट फ्रॉम अवर साइड.' आमच्या बाजूने फिट! म्हणजे पेशंटला काही झालं असेलच, तर ते तुमच्या बाजूला झालेलं आहे.

•

माझा पहिला रेफरन्स सर्जरीहून आला. 'हर्निया. उद्या ऑपरेशन. सकाळपासून एकटाच पुटपुटतो. सायकोसिस? कृपया ताब्यात घ्या.' खाली सही, डॉ. त्रिपाठी.

धावतच गेले. खाटेवर साठीचे एक गृहस्थ, कपाळावर गंध, डोळे मिटलेले, ओठ भराभर हलत होते. मी विचारलं, "बाबूजी, किससे बात कर रहे हैं?"

त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं. थांब! मी थांबले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग त्यांनी हात जोडले, डोळे उघडले आणि म्हणाले, "पाठ के बीच में नहीं बोलते, बिटिया. कहो, का बात है?"

ऑपरेशन नीट व्हावं म्हणून पाठ चालला होता. काशीत! इथे पुटपुटणाऱ्यांना ताब्यात घ्यायचं म्हटलं तर अर्धं शहर आमच्या वॉर्डात येईल.

मी तणतणत त्रिपाठीला शोधून काढलं. तो इथून जवळच्याच बलियाचा, माझ्याच बॅचचा, सर्जरीचा रेसिडेंट. उंच, कायम घाईत. मी म्हटलं, "एक बार पूछ तो लेते कि क्या बोल रहे हैं!"

तो अगदी सरळपणे म्हणाला, "पूछना आपका डिपार्टमेंट है, मैडम."

•

आमचे सर पेशंटची मुलाखत कशी घ्यावी ते फार छान शिकवतात. "कानात आवाज येतात म्हणाला की घाबरायचं नाही, उड्याही मारायच्या नाहीत. तीन प्रश्न विचारायचे. किती जण बोलतात? कोण बोलतात? तुझ्याशी बोलतात की तुझ्याबद्दल?" दोन जण आपसात पेशंटबद्दल बोलत असतील, तर ते या आजाराचं पक्कं लक्षण. परीक्षेत हमखास विचारतात. हे तीन प्रश्न मी इतके घोकले की एकदा मेसमध्ये आचारी म्हणाला, "मैडम, लोग आपके बारे में बोल रहे हैं," तर मी विचारलं, "कितने लोग?"

लोक काय बोलत होते, तर मी पोळीला तूप जास्त घेते!

•

दत्तूकाका या तीन प्रश्नांना उत्तरं देणारा माझा आवडता पेशंट. वय बावन्न. मुन्शी घाटाच्या वरच्या गल्लीत त्यांच्या मोठ्या बहिणीचं, सुमनमावशींचं घर. चार पिढ्यांपासून बनारसला असलेलं मराठी घर. महाराष्ट्रातून येणारे यात्रेकरू त्यांच्याकडे उतरतात, वरणभात जेवतात.

तरुणपणी काकांना स्किझोफ्रेनिया झाला. कानात आवाज, डोक्यात कावळे, सगळ्यांवर संशय. अठरा वर्षं ते माडीवरच्या एका खोलीतून बाहेर आले नाहीत. ताट दाराशी ठेवायचं, रिकामं ताट उचलायचं. सगळी औषधं करून झाली. शेवटी आमच्याकडे क्लोझापिन नावाची गोळी सुरू केली. दुसरं काहीच चालत नाही तेव्हा द्यायची ती गोळी. रक्त वारंवार तपासावं लागतं, लाळ गळते, वजन वाढतं. पण सहा महिन्यांनी एके दिवशी काका खाली आले आणि म्हणाले, "सुमन, मी दूध घेऊन येऊ?"

हे सांगताना मावशी अजून रडतात.

आता काकांचं काम काय, तर हरवलेले यात्रेकरू शोधणं! गल्ल्यांमध्ये कोणी तरी रोज हरवतंच. नाशिकच्या एक आजी दर्शनाच्या रांगेतून निघाल्या त्या थेट शिंदे घाटावर पोचल्या. काकांनी त्यांना तासाभरात शोधून आणलं. मी विचारलं, "कसं सापडतं तुम्हाला?"

"डॉक्टरबाई, मी अठरा वर्षं हरवलो होतो," काका म्हणाले. "हरवलेला माणूस कुठे बसतो, ते मला पक्कं माहीत."

•

एकदा मी त्रिपाठीला जिंकलं. त्याच्याकडच्या एका ऑपरेशन झालेल्या पेशंटला भिंतीवर मुंग्या दिसू लागल्या. सलाइनच्या नळ्या उपटून तो मुंग्या झटकत होता. पिवळा कागद: 'पागलपणा. ऑपरेशन यशस्वी. आमच्या बाजूने फिट.'

मी लिहिलं, 'रक्तातलं सोडियम तपासा.' त्याने तपासलं नाही. मी जाऊन स्वतः रक्त काढलं. सोडियम तळाला गेलेलं! ते भरून काढल्यावर दोन दिवसांत मुंग्या गेल्या आणि त्या माणसाने बायकोकडे कचोरी मागितली.

त्रिपाठी मोठ्या मनाचा. कचोरी घेऊन आमच्या विभागात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "मान गए, मैडम. आप तो असली डाक्टर निकलीं!"

मी महिनाभर हवेत होते. जो येईल त्याला सांगायचे, की सर्जन लोक पेशंटला 'मेंटल' म्हटलं की पोट बघत नाहीत, कान बघत नाहीत, रक्त बघत नाहीत. फार छान सांगायचे.

•

आमच्या स्वतःच्या बाजूला काय चालायचं, तेही सांगायला हवं. आमच्या एका तरुण पेशंटच्या छातीतून दूध येऊ लागलं. लग्न न झालेली मुलगी. गोळ्यांमुळे असं होऊ शकतं, पुस्तकात आहे. पण ओपीडीत गर्दी होती. आमच्याकडच्या कुणीतरी पिवळा कागद भरून तिला स्त्रीरोग विभागात पाठवलं. त्यांनी पाहिलं, मानसोपचाराची पेशंट. 'आमच्या बाजूने फिट,' परत. आम्ही पुन्हा पाठवलं. तीन आठवडे ती मुलगी ओढणी छातीशी घट्ट धरून दोन इमारतींच्या मधे फिरत होती.

चौथ्या आठवड्यात तिची आई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. ओरडली नाही, काही नाही. म्हणाली, "डाक्टर साहब, दोनों बिल्डिंग के बीच में एक चाय की दुकान है. इलाज वहीं करवा लें का?"

मी त्याच दिवशी गोळी बदलली. बदलायला दोन मिनिटं लागली.

•

चहाच्या दुकानाचं ते वाक्य मला इतकं लागलं की मी संयुक्त राउंडची घोषणा केली. दर गुरुवारी दुपारी तीनला सगळ्या विभागांनी एकत्र बसायचं, मानसिक आजार असलेल्या पेशंटबद्दल बोलायचं. पोस्टर केलं, फोन केले, समोसे मागवले.

अकरा जण आले. नऊ आमचेच. एक औषध कंपनीचा प्रतिनिधी. आणि त्रिपाठी.

मी उभं राहून बोलायला सुरुवात केली. सहकार्य, संवाद, समग्र उपचार. दहा मिनिटांनी त्रिपाठीने समोसा खाली ठेवला आणि सगळीकडे पाहिलं.

"मैडम, सब ठीक है," तो म्हणाला. "मरीज़ कहाँ है?"

सगळे हसले. मीही हसले. पुढच्या गुरुवारी मी राउंड ठेवला नाही.

•

आता जे सांगायचं ते टाळत होते.

फेब्रुवारीतल्या एका बुधवारी दत्तूकाका ओपीडीत आले. खुर्चीत जरा वाकून बसले. "डॉक्टरबाई, पोटात कासव बसलंय."

"कसलं कासव, काका?"

"गंगेतलं. भारी आहे एकदम. हलतच नाही."

सुमनमावशी माझ्याकडे बघत होत्या. मी जुनी फाईल उघडली. 'डोक्यात कावळे', वीस वर्षांपूर्वीची नोंद. मला वाटलं, कावळे गेले, कासव आलं. आजार पुन्हा डोकं वर काढतोय. मी गोळी वाढवली.

त्या गोळीने आतडी सुस्त होतात. हे मला माहीत होतं. परीक्षेत मी ते लिहिलं होतं आणि त्याला मार्कही मिळाले होते. पोट साफ होतं का, हा एक प्रश्न विचारायचा राहिला. बाहेर चाळीस पेशंट होते. मी किती जण, कोण आणि कसं हे विचारण्यात पटाईत. पोटाचं विचारणं माझ्या बाजूला येत नव्हतं!

पुढच्या बुधवारी काका जेवत नव्हते. पोट फुगलेलं. कासव मोठं झालंय, म्हणाले. मी तरी हात लावून बघावं की नाही? मी पिवळा कागद काढला. आणि त्यावर काय लिहिलं, ते मला अक्षरन् अक्षर पाठ आहे. 'जुना स्किझोफ्रेनिया. पोटात कासव असल्याचं सांगतो. कृपया पाहावे.'

अर्ध्या तासात कागद परत आला. 'आभार. सर्जरीची गरज नाही. मानसोपचार चालू ठेवावेत. आमच्या बाजूने फिट.' आणि बाजूला पेन्सिलीने एक छोटंसं कासव काढलेलं.

सही त्रिपाठीची. मला कासव बघून हसू आलं. खोटं कशाला बोलू, आलं.

•

त्यानंतर आठव्या दिवशी सर्जरीच्या वॉर्डातून रेफरन्स आला. 'आतडं अडकल्याने तातडीचं ऑपरेशन, चौथा दिवस. विचित्र वागतो, डोळे मिटत नाही, पाणी हुंगून पितो. नातेवाईक काही सांगत नाहीत. मानसिक आजार असावा?'

गेले तर खाटेवर दत्तूकाका! पोटावर पट्ट्या, कुशीला मळाची पिशवी लावलेली. शेजारी सुमनमावशी. मला बघून त्या उठल्या नाहीत.

मी त्यांना बाहेर बोलावलं. "मावशी, अहो, मला कळवलं कसं नाहीत? एवढा जुना आजार आहे, फाईल दाखवायची ना इथे! चार दिवस गोळी बंद पडली त्यांची!"

"फाईल होती," मावशी म्हणाल्या. "पिशवीतच होती. भाजीच्या खाली."

"मग?"

"मागच्या वेळेस तुझा कागद घेऊन आलो होतो, बाळा. तो उंच डॉक्टर दारातूनच वाचून हसला. आत आलाच नाही. रविवारी दत्तू उलट्या करायला लागला, तेव्हा मी ठरवलं, आता फाईल काढायचीच नाही." त्यांनी पदर सारखा केला. "फाईल नव्हती, तर त्याच डॉक्टरने लगेच पोटाला हात लावला. रात लागू दिली नाही. जीव वाचवला गं त्याने."

त्रिपाठीने पेशंटला ओळखलं नव्हतं. ओळखणार कसा? त्याने त्यांना पाहिलंच नव्हतं. मी त्याला जुना कागद दाखवला. त्याने पेन्सिलीचं कासव अंगठ्याने झाकलं.

"कम से कम आप तो लिख देतीं कि पेट फूला है," तो म्हणाला.

"तुम पढ़के हाथ लगाते?"



•

पुढचा आठवडा आम्ही भांडलो. भांडण एकच, गोळीचं.

त्रिपाठी म्हणायचा, "इसी दवा ने आँत मारी है. दोबारा शुरू किया तो अगली बार नहीं बचेगा." मी म्हणायचे, "गोली बंद रही तो ये आदमी फिर से अठरा साल कमरे में जाएगा. छोट्या डोसने शुरू करू, पोटाचं औषध सोबत देऊ, रोज बघू, तुम भी देखो, मैं भी देखती हूँ." तो म्हणायचा, पोट माझी जबाबदारी. मी म्हणायचे, डोकं माझी.

माझं बरोबर होतं की त्याचं, ते मला अजूनही नक्की सांगता येणार नाही. गोळी दिली तर जिवाला धोका, नाही दिली तर जे जगायचं त्याला धोका. दोन्ही खरं होतं. आणि दिवस जात होते. काकांची नजर हळूहळू पुन्हा माडीवरच्या खोलीतल्यासारखी होत चालली होती. तिकडे गल्लीत दोन यात्रेकरू हरवले, तर मावशींना पोलीस चौकीत जावं लागलं.

रोज सकाळी मी जायचे, फाईल बघायचे, मावशींना झोपेचं विचारायचे आणि काकांच्या खाटेच्या हिरव्या पडद्याबाहेर त्रिपाठीला गाठायचे. मग आमचं सुरू. दोघांचेही आवाज चढायचे. सिस्टर दोनदा म्हणाली, "आप लोग बाहर जाकर लड़िए ना!"

शेवटी सरांनी दोन्ही विभागांना बजावलं, शुक्रवारपर्यंत निर्णय लेखी द्या.

•

गुरुवारी सकाळी पिवळा कागद आला. त्रिपाठीचंच अक्षर. 'सिस्टरला सांगतो की आवाज येतात. दोन जण, एक पुरुष, एक बाई, त्याच्याबद्दल बोलतात. आजार उलटला. कृपया ताब्यात घ्या. जखम भरते आहे. आमच्या बाजूने फिट.'

 खरं सांगते, मनात कुठेतरी असं आलं, की बघा, मी म्हणत नव्हते? गोळी बंद केलीत, आता भोगा! दोन आवाज, आपसात, पेशंटबद्दल. परीक्षेतलं पक्कं लक्षण.

मी गेले. त्रिपाठी मागोमाग आला आणि पडद्याशी उभा राहिला. पहिल्यांदाच मी स्टूल ओढून काकांच्या उशाशी बसले. कागद मांडीवर, पेन हातात.

"काका, आवाज येतात म्हणे?"

"येतात ना."

"किती जण बोलतात?"

"दोन."

मी लिहिलं. "रोज?"

"रोज सकाळी. इतवारी नसतात."

"कोण असतात?"

"एक पुरुष, एक बाई. पडद्याच्या पलीकडे. पुरुषाचा आवाज इकडचाच आहे. बाई मात्र आपल्यातली असावी. हिंदी बोलते, पण रागावली की मधेच मराठी काढते."

पेन थांबलं. तिसरा प्रश्न तोंडातून निघाला तो केवळ घोकलेला होता म्हणून. "तुमच्याशी बोलतात की तुमच्याबद्दल?"

"माझ्याबद्दल. तो म्हणतो पोट, ती म्हणते डोकं. झगडाच चालतो. माझ्याशी अजून कोणी बोललं नाही."

त्रिपाठीला मराठी येत नाही. तो पडद्याशीच पुढे वाकला. "क्या कह रहे हैं, मैडम?"

काकांनी मान वळवली. आवाज आला त्या दिशेला, त्याच्या चेहऱ्याकडे, पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हरवलेला माणूस सापडल्यावर त्यांचा चेहरा जसा होतो, तसा झाला.

"हा बघा, हाच तो दुसरा," ते म्हणाले. "आता दोघंही आलाच आहात, तर बसा. गोळी मला खायची आहे. मला विचारा."